हिरकणीचे घर कड्याखाली का होते?

रायगडाचा रोपवे जिथून वर सुटतो ती हिरकणीवाडी. महाडपासून पंचवीसेक किलोमीटर. हिरकणीची गोष्ट आपल्या घरात लहान पोरालाही पाठ असते. गडावर दूध घालायला गेलेली गवळण, संध्याकाळी बंद झालेले दरवाजे, खाली घरात तान्हे बाळ, आणि अंधारात कडा उतरून गेलेली आई. तिच्या धाडसावर पोवाडे झाले, नाटके झाली, सिनेमा झाला. पण तिचे घर कड्याच्या खालीच का होते, हे कोणी विचारत नाही.

आम्ही महाडच्या बाजूचेच. पावसाळ्याच्या तोंडावर हिरकणीवाडीत उभे राहून वर पाहिले तेव्हा हाच प्रश्न डोक्यात आला. मान पूर्ण मागे टाकल्याशिवाय कड्याचा माथा दिसत नाही. दूध विकून जगणारे घर गडावर राहू शकत नव्हते आणि गडापासून लांबही जाऊ शकत नव्हते. म्हणून ते पायथ्याला राहिले. माणूस धोक्याखाली घर बांधतो तो हौसेने नाही. जिथे काम आहे, पाणी आहे आणि जिथून कोणी हुसकावत नाही, तिथे तो बांधतो.

आपल्या वस्त्यांचेही तेच आहे. कोकणातले कुठलेही गाव डोळ्यांपुढे आणा. सपाट, उंच, पाण्याचा निचरा होणारी जागा गावठाणाची. बौद्धवाडी बऱ्याचदा ओढ्याच्या कडेला, उताराच्या तोंडाशी, नाहीतर शेताच्या खोलगट कडेला. ती जागा आपल्या आज्या-पणज्यांनी निवडलेली नाही, त्यांना दाखवलेली आहे. तिथून पोटासाठी मुंबईला गेलेल्यांना पुन्हा टेकडीचा उतार, नाल्याचा काठ किंवा मोठ्या भिंतीची आडोशाची जागाच मिळाली. हे पान आरोग्याचे आहे, आणि आम्ही दरडीबद्दल लिहितो आहोत. कारण घर कुठे आहे यावर माणूस किती जगणार हे ठरते, मग ते डासांमुळे असो की डोंगरामुळे.

२२ जुलै २०२१

त्या दिवशी दुपारनंतर महाड तालुक्यातल्या तळिये गावच्या कोंढाळकरवाडीवर डोंगर आला. ऐंशीहून अधिक माणसे गेली. काहींचे देहसुद्धा हाती लागले नाहीत, शेवटी त्यांना मृत घोषित करावे लागले. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळे इथेही दरडी कोसळून माणसे दगावली. महाड शहर सावित्रीच्या पाण्याखाली होते. वीज गेलेली, मोबाइल बंद, रस्त्यावर पाणी आणि दरडी. तळियेला बचाव पथके पोहोचायला दुसरा दिवस उजाडला. तोवर जे काही खणले ते वाचलेल्यांनी आणि शेजारच्या वाड्यांनी, हातांनी आणि फावड्यांनी.

पाऊस किती होता? सावित्री जिथे उगम पावते त्या महाबळेश्वरात २३ जुलैच्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. हा आकडा आपल्या मापात सांगतो. जवळजवळ दोन फूट पाणी. एका गुंठ्यावर एवढे पाणी पडले तर ते साठ हजार लिटर होते. दहा हजार लिटरचे सहा टँकर एका गुंठ्यावर, एका दिवसात. आता संपूर्ण डोंगर डोळ्यांपुढे आणा.

आपला सह्याद्री काळ्या कातळाचा आहे, पण त्याच्या अंगावर लाल माती आणि कुजलेल्या, भुसभुशीत झालेल्या दगडाचा थर आहे. पाणी भेगांतून त्या थरात शिरते. खाली घट्ट कातळ लागला की पुढे जायला वाट मिळत नाही, मग ते तिथेच साचते. ओली माती जड होते, आणि खाली साचलेले पाणी तिला कातळावरून उचलून धरते. ओल्या शेवाळावर पाय ठेवला की होते तसे मग होते. चिखल, दगड, झाडे असा सगळा लोट काही क्षणांत खाली येतो. त्याच्यापुढे धावून कोणी वाचत नाही.

हे पहिल्यांदा घडले असते तर आम्ही एवढे लिहिलेही नसते. २००५ च्या २५ आणि २६ जुलैला महाड तालुक्यातल्या जुई, दासगाव, रोहण, कोंडिवते आणि पोलादपूरच्या कोतवाल इथे दरडी कोसळल्या होत्या. जवळपास २०० माणसे गेली. त्याच २६ जुलैला मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. देशाचे लक्ष मुंबईकडे गेले, आणि महाडची गावे मागे पडली.

दासगाव हे नाव आपल्या घरांत वेगळ्या कारणाने माहीत आहे. आर. बी. मोरे यांचे दासगाव. डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेब मुंबईहून बोटीने दासगाव बंदरात उतरले आणि तिथून महाडला गेले. मनुस्मृती जाळली गेली ती त्याच परिषदेत. पण त्या बोटीत पुराचीही एक माहिती दडलेली आहे. दासगावला बोट लागायची, म्हणजे बाणकोटच्या खाडीतून भरतीचे पाणी तिथवर येते. डोंगराचे पाणी उतरते आहे आणि त्याच वेळी भरती आहे, असे झाले की सावित्रीला पुढे जायला जागा राहत नाही. त्यात पात्रात गाळ. मग ती महाडच्या बाजारपेठेत शिरते. जुन्या माणसांना हे भरती-ओहोटीचे गणित तोंडपाठ असते. नवीन बांधकामे करणाऱ्यांनी ते विचारले असते तर बरे झाले असते.

धोका वेगळा, जोखीम वेगळी

आपत्तीचा अभ्यास करणारे तीन शब्द वापरतात: धोका, असुरक्षितता आणि जोखीम. शब्द जड वाटले तरी अर्थ आपल्या घरातलाच आहे. कावीळ घ्या. विहिरीत सांडपाणी मिसळले, जंतू आले, हा धोका. ते पाणी कोण पिते? ज्याच्या घरी नळ नाही आणि सरपणही मोजून वापरावे लागते म्हणून जो उकळत नाही तो. ही असुरक्षितता. तो आजारी पडण्याची आणि दगावण्याची जी शक्यता, ती जोखीम. गावात विहीर एकच असली तरी सगळ्यांची जोखीम सारखी नसते. ज्याच्या घरी बाई गरोदर आहे तिथे ती जास्त, कारण काही प्रकारची कावीळ गरोदरपणात जिवावर बेतते.

आता तळियेकडे याच नजरेने पाहू. तीव्र उतार, कुजलेला दगड आणि अफाट पाऊस हा धोका. तो कमी करणे माणसाच्या हातात थोडेच आहे. पण ऐंशीहून जास्त माणसे जाणे हे केवळ पावसाने ठरवले नाही. घरे उताराच्या वाटेत होती. जायला दुसरी जागा नव्हती. रस्ता तुटला की गाव जगापासून तुटत होते. फोन नव्हता, त्यामुळे बातमीही उशिरा बाहेर गेली. हे सगळे २२ जुलैच्या आधीच तयार होते, काही वर्षानुवर्षांपासून. म्हणून ‘निसर्गाचा कोप’ हा शब्द आम्हाला पटत नाही. कोप म्हटले की कारण शोधायचे काम संपते. कारणाशिवाय काही घडत नाही, एवढे तरी आपण विहारात बसून शिकलो आहोत.

त्याच आठवड्यात, तळियेच्या चार दिवस आधी, १८ जुलैला मुंबईत चेंबूर माहुलच्या भारतनगरात भिंत कोसळून आणि विक्रोळीच्या सूर्यनगरात उतारावरची घरे कोसळून माणसे गेली. तिथे सह्याद्री नव्हता, अर्ध्या तासावर मोठमोठी रुग्णालये होती. तरीही माणसे झोपेतच गेली. कारण घर भिंतीला आणि उताराला टेकलेले होते. महाडच्या डोंगरातला माणूस आणि मुंबईच्या टेकडीवरचा माणूस यांच्यात अंतर दीडशे किलोमीटरचे असले तरी जोखीम एकाच घराण्यातली आहे. कधीकधी शब्दशः एकाच घराण्यातली, कारण गावात म्हातारे आईवडील आणि मुंबईच्या वस्तीत मुलगा-सून.

कोकणातली ही एक असुरक्षितता कागदावर येत नाही. वाडीत उरलेत ते साठीपुढचे लोक आणि शाळकरी मुले. रात्री डोंगर हलला तर अंथरुणाला खिळलेल्या आजोबांना उचलायला खांदे किती आहेत, हे मोजून बघावे.

सरकारी याद्यांबद्दलही थोडे. २००५ नंतर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने या भागातल्या गावांची पाहणी केली, दरडप्रवण गावांच्या याद्या झाल्या. याद्या हव्यातच. पण १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड आली, तेव्हा ती ठाकरांची वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसे सापडलीच नाहीत. यादीत नाव नाही म्हणजे डोंगर येणार नाही, असे कोणी समजू नये. आणि यादीत नाव आहे म्हणजे कोणी काही केले, असेही समजू नये.

दरडीनंतरचा आजार

ज्यांच्यावर डोंगर पडला नाही, त्यांची आपत्ती पाणी ओसरल्यावर सुरू होते. महाडच्या पुरात चहूकडे पाणी होते आणि प्यायला नव्हते. चवदार तळ्याच्या गावाबद्दल हे लिहिताना हात थोडा थांबतो.

पहिली गोष्ट पाणी. पुराने बुडालेली विहीर उपसून, ब्लिचिंग पावडर टाकून, ग्रामपंचायतीने तपासून दिल्याशिवाय तिचे पाणी पिऊ नका. तोवर उकळून प्या, किंवा आरोग्यसेविका देतात ते मेडिक्लोर बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात टाकून अर्धा तास ठेवा. जुलाब लागले तर जलसंजीवनी. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ अंदाजाने जास्त टाकू नका, ते लहान मुलाला बाधते.

दुसरी गोष्ट लेप्टो. उंदीर आणि गुरांच्या मूत्रातले जंतू पुराच्या पाण्यात आणि चिखलात असतात, ते पायाच्या चिरेतून शिरतात. जुलै म्हणजे लावणीचे दिवस, पाय दिवसभर चिखलात. घर साफ करणारे, मेलेली गुरे उचलणारे, गटारे उपसणारे हात कोणाचे असतात हे वेगळे सांगायला नको. २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोने बरीच माणसे गेली. दोनेक आठवड्यांत जोराचा ताप, डोके आणि विशेषतः पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे असे दिसले तर ‘पावसाचा ताप’ म्हणून घरी बसू नका. चिखलात काम केले आहे, हे डॉक्टरांना आपणहून सांगा. लघवी कमी झाली किंवा डोळे पिवळे झाले तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा. पुरानंतर आरोग्य खाते डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या देते, त्या नाकारू नका. गरोदर बायांना आणि लहान मुलांना ती गोळी चालत नाही, त्यांच्यासाठी डॉक्टरांना विचारा. आणि ज्याला चिखलात उतरायला लावता, त्याला गमबूट द्या. हे वाक्य कामाला लावणाऱ्यांसाठी आहे.

तिसरे, साप. बिळांत पाणी गेले की फुरसे, घोणस, मण्यार घरात येतात. चावलेल्याला धीर द्या, चावलेला भाग हलवू देऊ नका, सरळ दवाखाना. आवळून बांधणे नाही, चिरा देणे नाही, भगत नाही. भगताच्या ओटीवर गेलेला अर्धा तास परत मिळत नाही.

मग रोजच्या गोळ्या. रक्तदाब, साखर, फिट्स, क्षय. पुरात घरातले डबे वाहून जातात, त्यातच गोळ्यांचे पाकीट असते. क्षयाची गोळी मध्येच तुटली तर आजार औषधाला जुमानेनासा होतो. दवाखान्याचा कागद हरवला म्हणून कोणी थांबू नये, आरोग्य केंद्रात जाऊन सांगावे.

शाळेत किंवा समाजमंदिरात हलवलेल्या बायांचे हाल कोणी लिहीत नाही. एक संडास, अंधार, पाळीचे कापड वाळवायला जागा नाही. मग बाया पाणीच कमी पितात, आणि आठवड्याने लघवीची जळजळ घेऊन येतात. निवाऱ्याची जागा ठरवताना पहिला प्रश्न संडासाचा आणि दिव्याचा असावा.

दासगावच्या दरडग्रस्तांनी कितीतरी वर्षे पत्र्याच्या शेडमध्ये काढली. तळियेच्या लोकांनाही आधी कंटेनरमध्ये राहावे लागले, म्हाडाची पक्की घरे नंतर. उन्हाळ्यात पत्रा तापतो, पावसात ओल धरतो, दाटीने माणसे राहतात. खोकला, ताप, अंगावर खाज, म्हाताऱ्यांना उन्हाचा त्रास. याची गणती आपत्तीच्या आकड्यांत कधी होत नाही.

आणि मन. पत्र्यावर पाऊस वाजला की दचकून उठणे, जेवण न जाणे, ‘मी का वाचलो’ असे वाटत राहणे. हे वेड नाही, जखम आहे. दारूने ती भरत नाही, उलट चिघळते. १४४१६ हा टेलिमानसचा नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येते. कोणी गप्प गप्प झाले असेल, तर शेजाऱ्यानेच तो नंबर लावून फोन हातात द्यावा.

आपल्या वस्तीत काय बघायचे

हे सगळे वाचून भीती घ्यायची नाही, मोजमाप घ्यायचे आहे. एका रविवारी वंदनेनंतर वस्तीतल्या चार-पाच जणांनी मिळून वस्ती आणि वरचा उतार चालून बघावा. उताराच्या माथ्यावर जमिनीला लांब भेग आहे का? झाडे, विजेचे खांब खालच्या बाजूला झुकलेत का? घराच्या भिंतीला नवी चीर, दार अडकायला लागले आहे का? झऱ्याचे पाणी अचानक गढूळ झाले, नवीन ठिकाणी पाणी फुटले, किंवा भर पावसात ओढा एकदम आटला, तर थांबायचे नाही. ओढा आटला म्हणजे वर कुठेतरी माती आडवी पडली असू शकते.

पाऊस मोजायला सरळ कडांचा डबा उघड्यावर ठेवा. चोवीस तासांत २०४.५ मिलिमीटर किंवा जास्त पडला तर हवामान खाते त्याला सर्वांत वरच्या पायरीचा पाऊस मानते. डब्यात साधारण वीतभर पाणी. आधीचे दोन-तीन दिवस पाऊस लागून असेल तर वीत भरायची वाट पाहू नका.

कुठे जायचे हे दिवसाउजेडी, कोरड्यात ठरवा. हे ठरलेले नसले की लोक घाबरून एखाद्या अंगणात जमतात, आणि ते अंगणही डोंगराच्या वाटेतच असते. ओढ्याच्या काठाने खाली पळू नका, लोट त्याच वाटेने येतो. बाजूला, आडवे, उताराच्या वाटेबाहेर जा. रात्री दहानंतर जायचे की नाही याचा वाद नको, अंधार पडायच्या आत निघायचे. दहा वेळा उगाच गेलो तरी चालेल. ‘मागच्या वेळी काही झाले नाही’ हे वाक्य आम्ही फार ऐकले आहे.

एका प्लास्टिकच्या पिशवीत आधार, रेशनकार्ड, बँकेचे पुस्तक, जातीचा दाखला, घरपट्टीची पावती, गोळ्यांची चिठ्ठी. घरपट्टी मुद्दाम लिहिली. आपल्यातल्या कित्येकांच्या घराखालची जागा कागदावर दुसऱ्याच्या नावाची असते. घर गेले की भरपाईच्या वेळी ‘तुमचे घर इथे होते कशावरून’ असे विचारतात. तेव्हा ती पावती, वीजबिल, घरासमोर काढलेला फोटो कामाला येतो. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याचे ६१ वे कलम लक्षात ठेवा: मदत आणि भरपाई देताना लिंग, जात, समाज, वंश किंवा धर्म यावरून भेद करता येत नाही. त्याच कायद्याने जिल्ह्याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांच्या प्राधिकरणावर आहे. भेग दिसली तर ग्रामसभेत ठराव घ्या, तहसीलदारांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७, रुग्णवाहिकेचा १०८. हे दोन नंबर विहाराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात रंगवायला डबाभर रंग लागतो.

पुनर्वसनाची गोष्ट आली की लोकांना हट्टी म्हटले जाते. जागा दिली तरी जात नाहीत, म्हणतात. पण शेत इथे, गुरे इथे, रोपवेपाशी चहाची टपरी इथे, आणि घर दहा किलोमीटरवर, असे असेल तर माणूस महिन्याभरात परत येणार. पोट मागे ठेवून घर पुढे जात नाही. जागा बघताना लोकांना बरोबर नेऊन बघा. आणि तिथेही बौद्धवाडी पुन्हा कडेला, ओढ्याला टेकून आखली जाते आहे का, तेवढे नकाशात आपण स्वतः बघावे.

आमच्या वस्तीत आम्ही यादी करायला घेतली आहे. घरोघर जाऊन वहीत लिहिले: अंथरुणाला खिळलेले किती, गरोदर कोण, रोजची गोळी कोणाला, चालता न येणारे कोण, आणि प्रत्येकाच्या नावापुढे त्यांना उचलणाऱ्या दोघांची नावे. वरच्या रांगेतल्या तीन म्हाताऱ्यांच्या नावांपुढे अजून एकच नाव आहे. त्यांची मुले गणपतीला येतात, तेव्हा पाऊस अर्ध्याहून जास्त होऊन गेलेला असतो. दुसरे नाव येत्या रविवारी ठरवायचे आहे.